कडक भाकरी आणि पस्तीस टक्के

बँकेत माझ्या कर्जखात्याच्या जोडीला आणखी एक खातं आहे. त्यात माझ्या भाकरीच्या उद्योगाला मिळालेलं २ लाख १० हजार रुपयांचं सरकारी अनुदान आहे. पैसे माझ्या नावावर, पण त्यातला रुपयाही मला रोख काढता येत नाही आणि कधी येणारही नाही. गावात कुणी विचारलं, "अनुदान मिळालं का गं?", तर मी मिळालं म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "काय घेतलंस त्याचं?" इथून पुढे सगळं समजावून सांगायला अर्धा तास जातो. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. म्हणून ते लिहून काढते आहे.

मी मंगळवेढा तालुक्यातली. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली ते हे मंगळवेढं. इथल्या काळ्या रानात खत-पाण्याचे फार लाड न करता मालदांडी ज्वारी येते, आणि त्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. आमच्याकडे कडक भाकरी घरोघर होते. आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं, काठवटीत पातळ थापायची, वरून तीळ, तव्यावर भाजून झाली की चुलीच्या निखाऱ्यांसमोर उभी करून पार वाळवायची. पापडासारखी मोडते आणि महिना-महिना टिकते. आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या हातची भाकरी इतकी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडचा हात दिसावा. २०१७ पासून मी, आत्या आणि शेजारच्या एक काकू अशा तिघी मिळून भाकऱ्या करून एका व्यापाऱ्याला देत होतो. दिवसाला तीनशे.

२०२२ च्या संक्रांतीला आमच्या बचतगटाच्या हळदीकुंकवाला उमेद अभियानाच्या ताई आल्या होत्या. वाण देऊन झाल्यावर त्यांनी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची माहिती सांगितली. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, "पस्तीस टक्के अनुदान, दहा लाखांपर्यंत." तेवढंच घेऊन मी घरी आले. आत्या म्हणाल्या, "आगं, सरकार कुणाला फुकट देतंय व्हय? मामांनी विहिरीच्या कागदांसाठी चपला झिजवल्या व्हत्या." मामा म्हणजे माझे सासरे.

मला त्या वेळी वाटलं होतं, सरकार दहा लाख देणार. खरी गोष्ट अशी की प्रकल्पाच्या खर्चाच्या पस्तीस टक्के, आणि ती रक्कम जास्तीत जास्त दहा लाख. शिवाय ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं अनुदान. बँकेनं कर्ज दिलं तरच अनुदान. कर्ज नाही तर काहीच नाही. किमान दहा टक्के रक्कम आपली स्वतःची घालावी लागते. तीन पैसे तीन खिशांतून येतात: आपला, बँकेचा आणि सरकारचा. सरकारचा सगळ्यात शेवटी येतो. हा क्रम डोक्यात बसला की पुढची निम्मी निराशा टळते.

सगळ्या योजनांची गावात एकच भेळ झालेली असते. कुणी म्हणे मुद्रा कर्ज घे, त्यात अनुदान आहे. मुद्रा योजनेत अनुदान नसतंच, ते साधं कर्ज आहे. कुणी म्हणे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर, तिथं ग्रामीण भागातल्या बाईला पस्तीस टक्के मिळतात आणि स्वतःचे पाचच टक्के घालावे लागतात. हे खरं आहे, पण ती योजना नव्या उद्योगासाठी आहे आणि मी तर पाच वर्षं भाकऱ्या विकत होते. अन्न प्रक्रियेची योजना आधीपासून चालू असलेल्या छोट्या उद्योगांसाठीही आहे, तिच्या हिंदी नावातच 'उन्नयन', म्हणजे दर्जा वाढवणं, आहे. ती जून २०२० मध्ये सुरू झाली. योजनेवरच्या सरकारी खर्चातले साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. 'एक जिल्हा एक उत्पादन' या यादीत आमच्या सोलापूर जिल्ह्याला ज्वारी मिळालेली आहे, जशी कोल्हापूरला गूळ, जळगावला केळी, नागपूरला संत्रं. आपला माल जिल्ह्याच्या यादीतला आहे हे कळल्यावर मला फार धीर आला. आत्यांना मी सांगितलं, "आत्या, तुमच्या भाकरीचं नाव दिल्लीच्या कागदात आहे." त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भाकऱ्या मोजताना दोनदा चुकल्या.

राज्यात ही योजना कृषी विभागाकडे आहे. मी कृषी सहायकांना विचारलं, त्यांनी जिल्हा संसाधन व्यक्तीचा नंबर दिला. या माणसाला सगळे डीआरपी म्हणतात. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल तयार करणं, बँकेशी बोलणं, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि अन्न परवान्याच्या नोंदणीला मदत करणं हे त्यांचं काम, आणि त्याचा मोबदला त्यांना सरकार देतं. एक कर्ज मंजूर झालं की वीस हजार रुपये, तेही टप्प्याटप्प्यानं. अर्जदारानं एक रुपयाही द्यायचा नसतो. हे मला माहीत नव्हतं तेव्हा तालुक्याला चहाच्या टपरीवर एक जण भेटला होता. "वहिनी, फाइल माझ्याकडं द्या, अनुदानातले पंधरा टक्के मला, बाकी तुमचं." मी जवळजवळ हो म्हणणार होते. आगाऊ पाच हजार मागितले आणि ते माझ्याकडे नव्हते, म्हणून राहिलं. आमच्या गावातल्या दोघींनी दिले. त्यांचे अर्ज पोर्टलवर कधी चढलेच नाहीत.

डीआरपी सर आमच्या घरी आले त्या दुपारचं मला अजून सगळं आठवतं. कागदपत्रं मागतील म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती. त्यांनी पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर बसून एक भाकरी मोडली, खाल्ली आणि विचारलं, "ताई, ही भाकरी तुम्हाला कितीला पडते?"

मी म्हटलं, "सातला देते व्यापाऱ्याला."

"विकता कितीला ते नाही विचारलं. पडते कितीला?"

मला सांगता आलं नाही. पाच वर्षांत मी तो हिशेब कधी केलाच नव्हता. सरांनी मुलाच्या वहीचं मागचं पान घेतलं. ज्वारी बेचाळीस रुपये किलो, दळण चार, म्हणजे शेहेचाळीस. एका किलोत पंधरा भाकऱ्या, म्हणजे एका भाकरीचं पीठ तीन रुपये सात पैसे. जळण सत्तर पैसे. तीळ-मीठ तीस पैसे. पिशवी पन्नास पैसे. झालं चार रुपये सत्तावन्न पैसे. मी म्हटलं, म्हणजे अडीच रुपये सुटतात की. सर म्हणाले, "मजुरी?" मी म्हटलं, आम्ही तर घरच्याच. ते म्हणाले, "काकू घरच्या नाहीत. आणि तुम्ही रानात गेलात तर रोज मिळतोच ना?" तेव्हा आमच्याकडे बाईचा रोज अडीचशे होता. तिघींचे साडेसातशे, भाकऱ्या तीनशे. एका भाकरीला अडीच रुपये मजुरी. एकूण सात रुपये सात पैसे.

सात रुपयांना मी सात रुपये सात पैशांची भाकरी विकत होते. जो पैसा मी नफा समजून घरात वापरला तो माझी आणि आत्यांची मजुरी होती, आणि तीही पुरी नव्हती. आत्या चुलीपुढून सगळं ऐकत होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नेहमीप्रमाणे पीठ मळायला बसल्या आणि म्हणाल्या, "कर तुझा अर्ज. पण भाव आधी वाढव."

प्रकल्प अहवाल म्हणजे बँकेला दाखवायचा कागद असं सगळ्यांना वाटतं. माझ्यापुरतं सांगते, अनुदानाचा रुपया मिळाला नसता तरी त्या वहीच्या पानानं माझं काम केलं होतं. नेट कॅफेत पाचशे-हजाराला तयार अहवाल मिळतो, नाव आणि आकडे बदलून. तो घेऊन बँकेत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात, कारण आतले आकडे त्यांचे नसतात. माझ्या अहवालातला प्रत्येक आकडा माझ्या तोंडी होता.

अहवाल झाला तो असा. पीठ मळायचं यंत्र, भाकरी लाटून भाजायचं यंत्र, सुकवायचा ड्रायर आणि पाकिटं सील करायचं यंत्र मिळून ४ लाख ८० हजार. घराशेजारच्या खोलीत फरशी, धुराडं, जाळ्या, वीजजोडणी असं काम १ लाख २० हजार. एकूण ६ लाख. जागेची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. माझे दहा टक्के ६० हजार, बँकेचं कर्ज ५ लाख ४० हजार, आणि सहा लाखांचे पस्तीस टक्के म्हणजे २ लाख १० हजार अनुदान.

कागदांचं थोडक्यात सांगते. आधार, पॅन, बँकेचा उतारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, लाइट बिल, यंत्रांची कोटेशनं, पंचायतीचा ना हरकत दाखला. उद्यम नोंदणी मोबाइलवर फुकट होते, तिला पैसे लागत नाहीत. अन्न सुरक्षेची साधी नोंदणी तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत होत होती, वार्षिक उलाढाल बारा लाखांपर्यंत असेल तर. मी अडकले ती नावात. माझ्या पॅनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आपल्याकडे लग्न झालेल्या निम्म्या बायकांचं हेच असतं. पॅन दुरुस्त होऊन येईपर्यंत दीड महिना गेला. मे २०२२ च्या शेवटी अर्ज पोर्टलवर चढला. मग सरांनी येऊन जागा पाहिली, फोटो काढले, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं शिफारस करून अर्ज बँकेकडे पाठवला.

इथून पुढचे चार महिने मला लिहायला जड जातात.

त्या शाखेत माझं बचत खातं बारा वर्षांचं. पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, सासऱ्यांच्या. "मग त्यांचा सातबारा गहाण ठेवा." मामांच्या नावावर अडीच एकर. तीन भावांची. ती मी कुठल्या तोंडानं गहाण मागू? घरी येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण घ्यायचं नाही. त्या कर्जाला पतहमी निधीचं संरक्षण मिळतं, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानाचा बराच भाग तो निधी भरून देतो, बँकेनं ते घ्यावं. मी पुन्हा गेले, हे नीट शब्दांत सांगितलं. साहेब म्हणाले, "नियम आम्हाला माहीत आहेत. बघतो."

ते बघणं चार महिने चाललं. मी अकरा वेळा गेले. दर वेळी जायला-यायला साठ रुपये आणि बुडालेला दिवस. कधी साहेब रजेवर, कधी सर्व्हर बंद, कधी "फाइल वर पाठवलीय". ऑक्टोबरमध्ये पोर्टलवर अर्ज नामंजूर दिसला. कारण एका शब्दात लिहिलं होतं, सिबिल.

मला सिबिल म्हणजे काय ते तेव्हा कळलं: आपण कोणकोणती कर्जं घेतली आणि ती कशी फेडली याची नोंद ठेवणारी ही एक पतमाहिती कंपनी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो माझ्या पुतण्यानं मोबाइलवर काढून दिला. त्यात २०१९ चं एक मायक्रोफायनान्सचं तीस हजारांचं कर्ज दिसत होतं, १,१४० रुपये थकीत. ते कर्ज मी फेडलेलं होतं. लॉकडाऊनमध्ये शेवटचे दोन हप्ते उशिरा गेले होते, पण गेले होते. वसुलीला येणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि शेवटचा हप्ता त्यांच्या वहीत चढलाच नाही. माझ्याकडे पावती होती. बचतगटात पावत्या जपायची सवय लागते, तिचा मला एवढा उपयोग झाला. त्या कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसमधून निरंक दाखला घेतला, पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवली आणि महिन्याभरात नोंद दुरुस्त झाली. अर्ज करायच्या आधी हा अहवाल पाहिला असता तर ते चार महिने वाचले असते. आता मला कुणीही विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी सांगते: आधी स्वतःचा सिबिल काढ, मग यंत्राचं कोटेशन.

याच काळात आमच्या गटातल्या एका वहिनीनं घाई केली. शेवयांचं यंत्र तिला स्वस्तात मिळत होतं, म्हणून भावाकडून उसने घेऊन रोखीनं आणलं. अनुदान नंतर येईलच, असं धरून. कर्जमंजुरीच्या आधी घेतलेलं यंत्र प्रकल्पात धरलं गेलं नाही. यंत्र चांगलं आहे, चालतं, पण अनुदान शून्य. तिच्या दारावरून जाताना मला दर वेळी वाटतं, हे कुणी हळदीकुंकवाच्या दिवशीच का सांगितलं नाही?

सरांनी अर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवला. तिथल्या बाई अधिकारी माझ्यापेक्षा वयानं लहान. जानेवारीत त्या घरी पाहणीला आल्या, आत्यांच्या शेजारी पाटावर बसल्या आणि दीड तास प्रश्न विचारत राहिल्या. ज्वारी कुठून घेता? पावसाळ्यात भाकरी मऊ पडते त्याचं काय? व्यापाऱ्यानं माल घेतला नाही तर? पहिल्या बँकेत चार महिन्यांत मला एकदाही कुणी भाकरीबद्दल विचारलं नव्हतं. पावसाळ्याचं उत्तर ड्रायर हेच होतं. व्यापाऱ्याबद्दल मी सांगितलं की पंढरपूर आमच्यापासून जवळ आहे, आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांना टिकणारी भाकरी लागते, मी दोन दुकानं ठरवून ठेवली आहेत. आत्यांनी निघताना त्यांच्या हातात भाकऱ्यांची चळत बांधून दिली. त्यांनी पैसे दिल्याशिवाय घेतली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्ज मंजूर झालं. तारण नाही. माझे साठ हजार आधी खात्यात भरायला लागले. पस्तीस हजार भाकरीच्या पैशातून बाजूला टाकलेले होते, पंचवीस हजार गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. यंत्रांचे पैसे बँकेनं थेट पुरवठादाराच्या खात्यावर पाठवले, माझ्या हातात काही आलं नाही. कर्जाचा शेवटचा टप्पा एप्रिलमध्ये सुटला. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर चालतो.

मधे तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. लेबलवर काय काय लिहायचं ते तिथं कळलं: निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, घटक, चौदा आकडी नोंदणी क्रमांक. प्रशिक्षणाला मी कंटाळा येईल असं धरून गेले होते आणि तिसऱ्या दिवशी उठवत नव्हतं. बार्शीच्या, अक्कलकोटच्या, सांगोल्याच्या बायका भेटल्या. त्यांतल्या दोघी आजही माझ्याकडून माल नेतात.

यंत्रं आली आणि माझी एक चूक उघडी पडली. भाकरीच्या यंत्राची मोटर थ्री फेजची, घरी जोडणी सिंगल फेज. कोटेशनवर ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मोटर बदलून यायला पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांचं व्याज मी भरलं.

आणि यंत्राच्या भाकरीबद्दल. पहिल्या दिवशीची भाकरी आत्यांनी हातात घेतली, मोडली, खाल्ली आणि बाजूला ठेवून दिली. जाड होती. पुढचे पंधरा दिवस त्या यंत्रापुढे उभ्या होत्या. पाणी किती गरम, पीठ किती वेळ मुरलं पाहिजे, पाटा किती दाबायचा, हे त्यांनी पुरवठादाराच्या माणसालाच शिकवलं. मळणं अर्धं यंत्रात आणि शेवटचा हात काठवटीत, असं आम्ही ठरवलं. अजूनही तसंच करतो. वेग थोडा कमी होतो, पण भाकरी पातळ राहते.

खेळत्या भांडवलाला मदत झाली ती बीज भांडवलाची. याच योजनेत अन्न प्रक्रिया करणाऱ्या बचतगटाच्या सदस्याला चाळीस हजार रुपयांपर्यंत मिळतात, तेही उमेदच्या प्रभागसंघामार्फत, म्हणजे परिसरातल्या बचतगटांच्या संघामार्फत. सरकारकडून प्रभागसंघाला ते अनुदान म्हणून येतं, पण सदस्याला कर्ज म्हणून मिळतं आणि गटाकडे परत करायचं असतं, म्हणजे पुढे दुसरीला वापरता येतं. यावरून आमच्या गटात भांडणं झाली. "सरकारनं दिलेत तर परत का करायचे?" दोघींनी हप्ते बंद केले, ते सुरू करून घ्यायला ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंना त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं. मी त्या चाळीस हजारांची ज्वारी सुगीत घेऊन ठेवली. ते वर्ष जागतिक भरडधान्य वर्ष होतं, ज्वारीला गिऱ्हाईक वाढलं आणि पुढे भावही चढले. ती पोती घरात नसती तर पहिल्याच हंगामात माझा हिशेब कोलमडला असता.

अनुदानाचा मेसेज आला सप्टेंबर २०२३ मध्ये. मी धावत बँकेत गेले. बाईंनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. ही रक्कम कर्जखात्याला जोडलेल्या मिरर खात्यात राहते. कर्जाचा शेवटचा टप्पा दिल्यापासून तीन वर्षं कर्ज नियमित राहिलं आणि उद्योग चालू राहिला, तर ती कर्जात वळती होते. मधेच खातं थकलं, तर बँक ती थकबाकीकडे वळवते. रोख म्हणून ती कधीच हातात येत नाही. मी विचारलं, "मग मला आज काय मिळालं?" त्या म्हणाल्या, "आजपासून कर्जातल्या दोन लाख दहा हजारांवर व्याज नाही."

हे फार कमी जणांना माहीत असतं. माझ्या कर्जाचा दर अकरा टक्के. २ लाख १० हजारांवर वर्षाचं व्याज २३ हजार १०० रुपये, म्हणजे महिन्याला एकोणीसशेच्या वर. अनुदान आल्या दिवसापासून ते थांबायला हवं. माझ्या खात्यावर दोन महिने ते थांबलंच नव्हतं. मी उतारा घेऊन, प्रत्येक महिन्याच्या व्याजापुढे पेन्सिलीनं आकडा मांडून गेले. बाईंनी पाहिलं, चूक मान्य केली आणि जास्तीचं व्याज परत जमा केलं. अनुदान घेतलेल्या चार जणींना मी नंतर त्यांचे उतारे बघायला लावले. एकीचं तसंच निघालं.

आज आम्ही पाच जणी आहोत, दिवसाला नऊशे भाकऱ्या. दहाचं पाकीट नव्वदला विकत होतो, ज्वारी चढल्यावर शंभर केलं. सात रुपयांनी नेणारा व्यापारी अजून येतो, पण आता माझ्या भावानं नेतो. काम करणाऱ्या प्रत्येकीची मजुरी वहीत आधी लिहिली जाते. त्यात आत्यांचं नावही आहे. पहिल्या महिन्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, दुसऱ्या महिन्यापासून घेतात आणि पोस्टात भरतात. हप्ता पावणेबारा हजार, आजवर एकही चुकलेला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात ड्रायर बिघडला, पंधरा दिवस उत्पादन बंद होतं, तेव्हा मी कानातलं गहाण ठेवून हप्ता भरला. एक हप्ता थकला असता तर लगेच काही बिघडलं नसतं असं बाई नंतर म्हणाल्या. पण मला त्या दुसऱ्या खात्यातले पैसे डोळ्यांसमोर दिसत होते.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून राग आहे. ही योजना चांगली आहे. मला तिनं उभं केलं, हे मी कुठेही सांगेन. पण जाहिरातीत, फलकावर, भाषणात "पस्तीस टक्के अनुदान" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. कर्ज आधी, तुमचे दहा टक्के आधी, तीन वर्षं थांबायचं, हे कुठे दिसत नाही. मग बाई बँकेच्या दारात जाते तेव्हा तिला वाटतं, आपल्याला नाकारलं. नाकारलेलं नसतं, अर्धंच सांगितलेलं असतं. आणि ती घरी जाते ती परत येत नाही. आमच्या प्रभागातल्या अशा किमान नऊ जणी मी नावानिशी ओळखते.

परवा संध्याकाळी खालच्या गल्लीतली एक सून आली. आवळ्याची सुपारी करते, चांगली करते. पदराखाली कागदांची पिशवी होती. म्हणाली, "काकी, मला पण भरायचाय. किती टक्के मिळतं?" मी तिला बसवलं, पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझी सुपारी पावशेर कितीला पडते?" ती माझ्याकडे बघत राहिली. आत्यांनी आतून वही आणून दिली.

पावशेराचा हिशेब व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले. मग पिशवी उघडली. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. सोमवारी आम्ही दोघी तालुक्याला जाणार आहोत.